शस्त्रक्रियेची तयारी चोख, घरी सोडल्यानंतरची व्यवस्था तोकडी

वडिलांच्या पोटाच्या हर्नियाची शस्त्रक्रिया नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात, पोटाच्या कमकुवत भागाला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवून झाली. पुढे तक्रारीही मांडल्या असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. वडील निफाडचे, वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना, अंगाने स्थूल आणि बिडीची सवय; शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याची जी कारणे डॉक्टर सांगतात, त्यांतली बहुतेक त्यांच्यापाशी आधीच हजर होती.

शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत तारीख देण्यास नकार दिला, हे मला सर्वांत आवडले. शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने आधी साखर आटोक्यात आणा आणि किमान चार आठवडे बिडी पूर्ण बंद ठेवा, असे त्यांनी बजावले. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि धूम्रपानामुळे जखमेला प्राणवायू कमी मिळतो, हे त्यांनी वडिलांना समजेल अशा भाषेत सांगितले. दाखल झाल्यावर साबणाने अंघोळ घालण्यात आली. केस वस्तऱ्याने न काढता मशिनने बारीक केले, कारण वस्तऱ्याने त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडून तेथे जंतू वाढतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही वस्तरा टाळण्यास सांगितले आहे. प्रतिजैविकाचे इंजेक्शन छेद देण्यापूर्वी तासाभराच्या आत दिल्याची वेळ केसपेपरवर नोंदवलेली होती आणि शस्त्रक्रियेनंतर ते विनाकारण चालू ठेवले नाही. (घरी जाताना गोळ्यांची पिशवी मिळाली नाही म्हणून वडील नाराज झाले, ते वेगळे.)

वॉर्डात मात्र ही शिस्त रात्रपाळीला सैल पडे. प्रत्येक खाटेशी हात निर्जंतुक करण्याच्या द्रावाची बाटली होती, पण आमच्या खाटेची रिकामी होती. एका कर्मचाऱ्याने शेजारच्या रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली आणि त्याच हातमोज्यांनी वडिलांच्या पट्टीला हात घातला. हटकल्यावर त्याने हातमोजे बदलले, हात मात्र धुतले नाहीत. वरिष्ठ सिस्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच दखल घेतली, हेही नमूद केले पाहिजे.

खरी उणीव घरी सोडताना जाणवली. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग साधारणपणे ३० दिवसांपर्यंत आणि जाळी बसवली असल्यास ९० दिवसांपर्यंतही उद्भवू शकतो. तरीही डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'जखम कोरडी ठेवा' एवढीच ओळ होती. घरी टाक्यांभोवती लाली येऊन पिवळसर पाणी झिरपू लागले तो रविवार होता आणि दिलेल्या क्रमांकावर 'उद्या ओपीडीत या' एवढेच उत्तर मिळाले. सोमवारी डॉक्टरांनी दोन टाके काढून पू बाहेर काढला, नमुना कल्चरसाठी (कोणते जंतू आहेत हे शोधणाऱ्या तपासणीसाठी) पाठवला आणि अहवालानुसार औषध दिले. संसर्ग वरवरचा होता, जाळी वाचली. वडिलांची प्रकृती पाहता या संसर्गाचा सगळा दोष मी रुग्णालयाला देणार नाही. पण ताप, वाढती वेदना, लाली, पू यांपैकी काय दिसल्यास थांबू नये, हे मराठीत छापून देण्यास कितीसा खर्च येतो?

डॉक्टरांसाठी पाचपैकी पाच, वॉर्डसाठी तीन, डिस्चार्जनंतरच्या सेवेसाठी दोन गुण. ड्रेसिंगचे साहित्य बिलात वेगळे लावतात, ते आधी विचारून घ्यावे. बाहेरगावच्या रुग्णांनी गावच्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग करण्यासाठी चिठ्ठी मागावी; आम्हाला ती मागितल्यावर लगेच मिळाली.