इंपोर्टेड ईव्ही, देशी ईव्ही का पेट्रोल? ड्युटी कमी व्हायची वाट बघत थांबलेल्यांसाठी टॅक्सचा हिशोब

आमचे दाजी गेले सहा महिने गाडी घ्यायची घ्यायची म्हणतायत आणि दर वेळी घोडं एकाच वाक्यावर अडतं, "थांबूया की जरा, बाहेरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवरची आयातीची ड्युटी कमी व्हायलीय म्हणं." बजेट 15 लाखाच्या आसपास, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातू ओतून गाड्यांचे सुटे भाग करायचा कारखाना), रोजचं येणंजाणं कोल्हापूर ते शिरोली आणि महिन्यातनं एकदा पुणे, म्हणजे सगळं मिळून महिन्याला धरा हजार किलोमीटर. त्यांच्यासारखे थांबलेले अजून तीनचार जण माझ्याच ओळखीत आहेत. माझं स्पष्ट मत आहे की ह्या बजेटमध्ये ड्युटीची वाट बघू नये, आणि का ते आकड्यानं सांगतो.

पहिल्यांदा बाहेरची गाडी. परदेशात पूर्ण तयार होऊन आलेल्या गाडीची बंदरात पोचेपर्यंतची किंमत 40,000 डॉलरच्या आत असेल तर 70% ड्युटी, त्याच्यावर असेल तर 2025 च्या बजेटनंतर 70% ड्युटी अधिक 40% सेस, म्हणजे 110%. समजा गाडी बंदरात 30 लाखाला पडली, तर 21 लाख ड्युटी, झाले 51, आणि जीएसटी ह्या 51 वर लागतो बरं का, नुसत्या 30 वर नाही, म्हणजे 5% नं अजून अडीच लाख. 30 ची गाडी साडेत्रेपन्नला. टेस्लानं जुलै 2025 मध्ये मुंबईत शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वाय 59.89 लाखापासून होती ती ह्यामुळंच, गाडी शांघायच्या प्लांटमधनं तयार होऊन आलेली.

आता "ड्युटी कमी व्हायलीय" हे कुठनं आलं? मार्च 2024 मध्ये केंद्रानं एक स्कीम काढली. कंपनीनं तीन वर्षांत 4,150 कोटी गुंतवून इथं प्लांट टाकायचा, बदल्यात वर्षाला 8,000 पर्यंत इलेक्ट्रिक गाड्या फक्त 15% ड्युटीत आणायच्या. हे ऐकून सगळ्यांना वाटलं झालं, आता स्वस्त होणार. पण त्यातली अट कुणी वाचत नाही, गाडीची बंदरातली किंमत कमीत कमी 35,000 डॉलर हवी, म्हणजे ढोबळमानानं 30 लाख. 15% ड्युटी धरली तरी ती गाडी टॅक्ससकट 36 लाखाच्या पुढंच जाते. मग 15 लाखवाल्यानं कशाची वाट बघायची? 50-60 लाखाच्या गाडीचा विचार असेल तर थांबण्यात अर्थ आहे, बाकीच्यांना ह्या स्कीमचा एक रुपयाचा उपयोग नाही.

आणि ही अट मला पटते. दाजींनाच मी म्हटलं, तुमच्या फाउंड्रीतनं जे कास्टिंग जातं ते इथं बनणाऱ्या गाडीला लागतं, चीनमधनं तयार होऊन आलेल्या गाडीत शिरोलीचं, गोकुळ शिरगावचं काय असणार? ईव्हीत इंजिनच नसल्यामुळं सिलेंडर हेड आणि ब्लॉकचं काम आधीच धोक्यात आहे, त्यात तयार गाड्या स्वस्तात आत आल्या तर ब्रेक आणि सस्पेंशनचं काम पण जाईल. दाजी गप्प बसले, मग म्हणाले "हे लक्षात नव्हतं आलं."

आता खरी तुलना, पेट्रोल का देशी ईव्ही. दाजींच्या टेबलावर दोन कोटेशन होती, दोन्ही आपल्या डोळ्यानं बघितली. पेट्रोल गाडी एक्स-शोरूम 12 लाख, आरटीओच्या रकान्यात 1,44,000. ईव्ही एक्स-शोरूम 15 लाख, त्याच रकान्यात नुसती किरकोळ फी. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखापर्यंत 11%, 20 पर्यंत 12% आणि वर 13% रोड टॅक्स आहे, ईव्हीला माफ. जीएसटी पण बघा, सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीला 18, मोठीला 40, ईव्हीला 2019 पासून 5 च. रोड टॅक्सच्या माफीमुळं कागदावरचा तीन लाखाचा फरक रस्त्यावर येईपर्यंत दीड लाखाच्या थोडा वर राहतो.

पेट्रोल मी 104 रुपये आणि ॲव्हरेज 15 धरलंय, हजार किलोमीटरला 7,000. ईव्हीला घरच्या लाइटवर साधारण 143 युनिट, 14 रुपयानं 2,000. दर मुद्दाम चढा धरलाय, कारण महावितरणचं बिल 300 युनिटच्या वर गेलं की दर उडी मारतो आणि एसी असलेल्या घरात ते सहज जातं. महिन्याला 5,000 वाचले तर फरक अडीच वर्षांत, फार तर दोनचार महिने जास्त लागून, वसूल.

ह्या 7,000 मधले सरकारला किती जातात ते एकदा काढून बघा. 2025 च्या दरानं लिटरला जवळपास 22 रुपये केंद्राची एक्साइज, वर राज्याचा 25% व्हॅट आणि अजून 5.12 रुपये, सगळे मिळून 47 च्या आसपास. 67 लिटरला तीन हजाराच्या वर महिना, वर्षाला 37-38 हजार. ईव्ही घेतली की हे सरकारकडं जायचं बंद, विजेवरची 16% ड्युटी येते पण ती त्यापुढं किती? रस्ते, एसटी, शाळा सगळं ह्याच पैशातनं चालतं, त्यामुळं ही सूट कायम राहणार नाही असं मी धरूनच चालतो. दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक, तिथं 2024 पासून 25 लाखावरच्या ईव्हीला 10% लाइफटाइम टॅक्स बसला. आपल्याकडं पण मार्च 2025 च्या बजेटमध्ये 30 लाखावरच्या ईव्हीला 6% लावायचा प्रस्ताव होता, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात मागं घेतला. एकदा आलेला प्रस्ताव परत येऊ शकतो. पण रोड टॅक्स एकदाच, पासिंगच्या वेळी लागतो, आज माफीत पासिंग झालं की ते पैसे तुमच्या खिशात राहिले.

सेल्समन "टोल फ्री" म्हणाला तर नीट विचारा. ऑगस्ट 2025 पासून माफी आहे ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर हे आपल्या वाटेवरचे टोलनाके त्या यादीत नाहीत, आपल्या पुण्याच्या फेरीत ह्या माफीनं काय वाचत नाही. टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या ह्या कोल्हापुरात तरी अर्धवट सांगून गाडी विकू नये.

अजून एक, बॅटरी गाडीबरोबर आली की 5%, पण नंतर वेगळी घेतली तर 18% जीएसटी, आणि बाहेरच्या चार्जिंगवर पण 18%. म्हणून बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर ते लिहून घ्या, आणि घरी चार्जिंगची सोय नसेल, वरच्या मजल्यावर फ्लॅट आणि गाडी रस्त्यावर असं असेल, तर माझा वरचा सगळा हिशोब तुम्हाला लागू नाही. महिन्याला 300-400 किलोमीटरच फिरणाऱ्यांनी छोटी पेट्रोल गाडी घ्यावी, 18% जीएसटी झाल्यापासून ती चांगलीच परवडते.

दाजींनी परवा महावितरणकडं लोड वाढवायचा अर्ज दिलाय, बुकिंग मीटर झाल्यावर.