कर्ली खाडीतला मुलांचा कयाकिंग वर्ग: शिकवणं उत्तम, जॅकेटं मात्र तपासून घ्या

बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी मालवणजवळच्या देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत चालणारा हा पाच दिवसांचा वर्ग. सकाळी तीन तास पाण्यात, दुपारी तासभर काठावर. मुलांना जरूर पाठवा. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टींचा खुलासा करून घ्या: आपल्या मुलाच्या मापाचं, पाण्यावर तरंगत ठेवणारं जॅकेट आहे का, आणि शेवटच्या दिवसाची, खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरची फेरी कोणत्या तिथीला येते.

पहिल्या दिवशी वल्हं मारायला शिकवतच नाहीत. कमरेइतक्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मुद्दाम उलटवायची आणि परत चढायचं, एवढंच. हा क्रम आम्हाला फार पटला. पर्यटकांना फिरवणारे बरेच जण मुलाला बसवून सरळ खोल पाण्यात ढकलतात, आणि उलटल्यावर काय करायचं हे त्याला उलटल्यावरच कळतं.

वर्गातल्या बहुतेक कयाक वरून उघड्या, सिट-ऑन-टॉप आहेत. उलटली तरी त्यात कुणी अडकत नाही. खरी अडचण परत चढण्याची. उलट्या कयाकच्या पोटावरून हात टाकून पलीकडची दोरी पकडायची, गुडघे जवळच्या कडेला टेकवायचे आणि अंगाचा भार मागे टाकायचा, की ती सरळ होते. मग सीटच्या समोर यायचं, दोन्ही हात कयाकवर आडवे टाकायचे आणि पाय जोरजोरात मारायचे. शरीर पाण्यावर आडवं झालं की मगच पोट वर सरकवायचं. पोटावर पालथं, तिथून वळून बसतं, पाय सगळ्यात शेवटी आत. मुलं चुकतात ती इथे. पाय खाली लोंबते ठेवून नुसत्या हातांनी वर ओढू बघतात, पाय कयाकखाली जातात आणि ती अंगावर उलटते. किंवा पोट वर येताच घाईने छाती उचलतात आणि पलीकडे पडतात. प्रशिक्षक हात देत नाहीत, पायांकडे बोट दाखवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं.

वाहून जाणाऱ्या टोपीमागे किंवा चपलेमागे पोहणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे थांबवतात. रिकामी कयाक वाऱ्याने इतकी झपाट्याने सरकते की चांगला पोहणारासुद्धा मागे पडतो. आधी कयाक, मग वल्हं, बाकी सगळं जाऊ दे, हे इतक्यांदा म्हणवून घेतात की लहानग्यांनाही पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मुलांना आत बसायच्या लांब सी-कयाक देतात. इथे पाणी आत येऊ न देणारा कमरेभोवतीचा स्प्रे-स्कर्ट कयाकच्या तोंडाला घट्ट बसतो, म्हणून उलटल्यावर बाहेर यायची रीत वेगळी. पुढे वाकायचं, कयाकच्या बुडावर तीनदा थापट्या मारायच्या, स्कर्टचा पट्टा आधी पुढे आणि मग वर खेचायचा, दोन्ही हात कयाकच्या तोंडाच्या कडांवर टेकवून कमरेतून बाहेर ढकलायचं. घाबरलेलं मूल मागे रेलतं. मग मांड्या वरच्या भागाला दाबल्या जातात आणि बाहेर येणं कठीण होतं. म्हणून पहिले प्रयत्न स्कर्टशिवाय, मग सैल लावलेल्या स्कर्टने, आणि प्रशिक्षक शेजारी उभा. स्कर्ट लावताना पट्टा बाहेर राहिलाय ना, हे जोडीदाराने हात लावून पाहायचं. हा नियम एकदाही मोडलेला दिसला नाही.

जोडीने सोडवणूकही नीट शिकवतात. सोडवणाऱ्याने उलटलेल्या कयाकच्या पुढच्या टोकाशी काटकोनात यायचं, टोक आपल्या कयाकवर ओढून पाणी निथळू द्यायचं, सरळ करून शेजारी लावायचं आणि दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवायचं. चौदा वर्षांच्या मुलाला पाण्याने भरलेली कयाक उचलत नाही. पाण्यातल्याने मागचं टोक खाली दाबलं की पुढचं आपोआप वर येतं, ही युक्ती इथे सगळ्यांना सांगतात.

वल्हं मारण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खांद्याऐवजी धड फिरवायला शिकवतात, वळणं आणि थांबणं बरं करून घेतात. वल्ही मात्र मोठ्यांच्या मापाची, २३० सेंटिमीटरची. लहान मुलांना २०० ते २१० पुरतात. लांब वल्ह्याने खांदे भरून येतात आणि पात पाण्यात तिरकी पडते.

दुपारचा भरतीचा तास हा या वर्गाचा सगळ्यात मोलाचा भाग. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब मुलांकडून करून घेतात. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. मग छापील तक्त्याशी ताडून बघायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि जबाबदारीच्या वेळी तक्ताच धरायचा हेही बजावतात. खुणा केलेली काठी काठाशी रोवून दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजायला लावतात. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: बारा भाग केले तर तासागणिक साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सगळ्यात जास्त. मुंबईच्या मानाने मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक कमी, उधाणालाही दोन मीटरच्या आसपास. पण सगळी खाडी अरुंद मुखातून रिकामी होते तेव्हा तेवढ्यानेही मूल समुद्राकडे खेचलं जातं.

एवढं छान शिकवणारेच शेवटच्या दिवशी संगमाची फेरी ठरलेल्या वेळी, सकाळी नऊला काढतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही. त्यांच्याच हिशेबाने बघा. चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्येला नऊ वाजता पाणी चढतं असतं, परतीला भरतीच आत ढकलते. उत्तम. द्वितीयेलाही तसंच. पण दशमीला भरती साडेसातला संपते. दहा-अकराला ओहोटी जोरात, समोरून लाटा, त्यात खारे वारे सुटायला लागलेले. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट संगमाच्या उथळ पट्ट्यावर भिडली की लाटा उंच, उभ्या आणि जवळजवळ येतात. नवख्याची कयाक तिथेच आडवी होते, आणि उलटलेलं मूल काठाकडे न येता बाहेर जातं. प्रशिक्षकांना विचारल्यावर अशा दिवशी फेरी खाडीच्या आतच ठेवतो म्हणाले. ते लेखी वेळापत्रकात यायला हवं. तोवर अष्टमी ते द्वादशी हे दिवस शेवटी येत असतील तर पुढची तुकडी निवडा.

जॅकेटांबाबत ढिलाई आहे. मध्यम आणि मोठी मापंच आहेत. बारकुड्या मुलाला जॅकेट घालून, सगळे बंद आवळून, कुणीतरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलावं. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते पाण्यातही जाणार आणि नाकातोंडावर येणार. काहींचा फोम दबून कडक झालाय, कारण मुलं काठावर त्यांच्यावरच बसतात. आणि ही ५० न्यूटनची जॅकेटं शुद्धीवर असलेल्या, थोडंफार पोहता येणाऱ्यासाठी असतात; बेशुद्ध माणसाला ती उताणं करतीलच असं नाही. पालकांना हे कुणी सांगत नाही. अंगाच्या मापाचं, शिट्टी बांधलेलं जॅकेट घरून दिलेलं बरं.

बुडणाऱ्याच्या मदतीचा तास मात्र मन लावून घेतात. पाण्यात उडी नाही: आधी ओरडा, मग वल्हं किंवा बांबू लांब करा, मग दोरीची पिशवी फेका, त्याच्या अंगावर नाही तर खांद्यापलीकडे, म्हणजे दोरी हातात पडते. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढायचा प्रकार गावोगाव अजून दिसतो. त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनळीत जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, हे पुतळ्यावर प्रत्येकाकडून करून घेतात. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ पाठ करवतात.

बारा मुलांमागे दोन प्रशिक्षक पाण्यात आणि एक जण इंजिनाच्या होडीत. पोहणारा जवळ असला की इंजिन बंद. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीजवळ कयाक नेत नाहीत, बाहेरून वळसा घालतात. पाकट (शेपटीला काटा असलेला मासा) पायाखाली येऊ नये म्हणून उथळ पाण्यात पाय घासत चालायला लावतात. कातळावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय चिरतात, तेव्हा चपला नकोत, मागून बंद असलेले जाड तळाचे बूट द्या. पूर्ण बाह्यांचा अंगरखा, दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटंही हवीत; इथे थंडीपेक्षा उन्हाने मुलं जास्त गळतात.

नाव घालताना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि प्रशिक्षकांची जीवरक्षक प्रमाणपत्रं दाखवा म्हणावं. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं असेल तर चांगलंच. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यातली तुकडी टाळा, दुपारचा वारा लवकर सुटतो आणि समुद्राला लाट आलेली असते.