स्प्रे गेला, पिवळा बाम राहिला : एका हंगामाचा अनुभव

कापसाच्या दुसऱ्या वेच्याला कंबर धरली तेव्हा तालुक्याच्या मेडिकलमधून दुखण्यावरचा स्प्रे आणला. कंपनीचं नाव घेत नाही. पंधरा दिवस खूश होतो, मग एका संध्याकाळी नुसतं फुस्स. डबा हलवला तर आत औषध डुचमळतंय, बाहेर थेंब नाही. गॅस संपला म्हणे! दुकानदार म्हणतो, "फोडलेला माल परत होत नाही." म्हटलं, "भाऊ, फोडता आला असता तं तुमच्याकडे आलोच कायले असतो!"

पुन्हा अमृतांजनवर आलो. किराण्यात साबणाशेजारी मिळतो, बसभाडं वाचतं. बाटली संपली की काडीपेटीच्या काडीने कडेकपारी खरवडतो, मग गरम पाण्यात ठेवतो, अजून चार-पाच दिवस निघतात. स्प्रेचं असं खरवडून दाखवा.

बाटलीवर चेन्नई वाचून मी याला मद्रासी माल समजायचो. पण 1893 मध्ये काशिनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू माणसाने तो मुंबईत काढला, गाण्याच्या मैफलींत फुकट वाटून खपवला. मद्रासला कंपनी गेली ती 1914 मध्ये. आमच्याकडे फुकट वाटला असता तर न दुखणारे टोंगळेही पुढे आले असते.

बाबांना मात्र लावत नाही. त्यांना रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू आहे. बहुतेक बामांत गंधपुऱ्याचं तेल असतं, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच कुळातलं. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि त्या गोळीचा जोर वाढवतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही रोज चोपडत होतो.

इथवर लिहिलं आणि स्प्रेबद्दलचं मत थोडं बदलतो. पाठीच्या मधोमध आपला हात पोचत नाही, बामाला दुसऱ्याचा हात लागतो. दिवसभर कापूस वेचून बायकोच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडलेल्या. त्यात बाम गेला की ती म्हणते, "माह्या बोटाची आग होते, तुमची पाठ तुमीच चोया." स्प्रेने तिला हा त्रास नव्हता. लाटण्याला बाम लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पोळीला वास आला. आता काडीला चिंधी गुंडाळून लावतो, अर्धा बाम चिंधीच पिते.

तो डबा अजून फडताळात आहे. येता-जाता हलवून पाहतो. आत वाजतंच.