किराण्याचा खर्च आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

किराण्याचे बिल फुगू लागले की माणूस प्रथम दुकान बदलतो, मग छाप बदलतो आणि शेवटी आवडीच्या एक-दोन वस्तूंवर फुली मारतो. मी हे तिन्ही उपाय करून पाहिले होते. प्रत्येक वेळी बिल थोडे खाली आले आणि पुढच्या भाववाढीने पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन बसले. त्यानंतर घरात एक साधा डिजिटल वजनकाटा आला, तोही खर्च कमी करण्यासाठी नव्हे, तर केक करण्यासाठी. केक दोनदाच झाला. काटा मात्र आठ महिने ओट्यावरच आहे आणि या काळात घरखर्चात जी खरी घट झाली, तिचे श्रेय मी बव्हंशी त्यालाच देतो.

काटा काचेच्या सपाट तबकाचा असून त्याची क्षमता ५ किलो आहे आणि तो १ ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करणारे बटण, म्हणजे ज्याला ‘टेअर’ म्हणतात ते, त्यावर आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक काट्यांची यंत्रणा सारखीच असते. धातूच्या लहानशा पट्टीवर ताणमापक चिकटवलेले असतात. वजन ठेवल्यावर पट्टी डोळ्यांना न दिसण्याइतकी वाकते, ताणमापकांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे आकड्यात रूपांतर होते. काट्यावर जड डबे ठेवून त्याचा फडताळासारखा वापर का करू नये, याचे उत्तर यातच आहे: क्षमतेबाहेरच्या भाराने ती पट्टी कायमची वाकली, तर काटा दिसायला धडधाकट राहतो आणि वजन मात्र चुकीचे सांगतो.

अचूकता मी टांकसाळीने वजन जाहीर केलेल्या नव्या, न झिजलेल्या नाण्यांनी तपासली. वीस नाणी एकत्र ठेवल्यावर फरक एका ग्रॅमपेक्षा जास्त आढळला नाही. तेच एक नाणे ठेवले, तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, आणि चिमूट चिमूट करून एखादा जिन्नस टाकत गेल्यास काटा बराच वेळ शून्यच दाखवत राहतो, कारण शून्याजवळचे बारीक चढउतार दुर्लक्षित करण्याची सोय त्याच्यातच केलेली असते. मिठा-मसाल्याच्या मापासाठी हा काटा नाही. ज्या वस्तूंवर किराण्याचा मोठा पैसा खर्च होतो, त्यांच्यासाठी तो पुरेसा आहे.

त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला खरेदीत नव्हे, तर कचऱ्यात झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्ननासाडीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साधारण ६० टक्के घराघरांतून गेले. माणशी हिशेब केला, तर घरातील वाटा वर्षाला ७९ किलो, म्हणजे आठवड्याला दीड किलो होतो. या आकड्यात साली, बिया, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, म्हणून मी घरी दोन भांडी ठेवली: एकात साली व देठ, आणि दुसऱ्यात जे कधीतरी खाता आले असते ते सर्व. रोज रात्री दोन्ही भांड्यांचे वजन करून वहीत लिहायचे, एवढाच नियम केला.

आम्ही घरात चौघे आहोत. पहिल्या आठवड्याअखेर दुसऱ्या भांड्याची बेरीज २ किलो ३१० ग्रॅम झाली. आकड्यापेक्षा त्यातील ऐवजाने मला अधिक चकित केले. नासाडी होत असेल तर ती भाजीची, अशी आमची सर्वांची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वजन शिजवलेल्या भाताचे निघाले. भाजी सडली की ती रंगाने आणि वासाने ओरडून सांगते, उरलेला भात मात्र चार चमच्यांच्या हिशेबाने रोज गुपचूप जातो. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. तांदूळ मुठीने मोजले जात होते आणि कमी पडायला नकोत म्हणून शेवटी एक मूठ वर पडत होती. ती वरची मूठ मी काट्यावर ठेवली, तेव्हा ४६ ग्रॅम भरली. दिवसातून दोन वेळा आणि महिन्याचे तीस दिवस धरले, तर हे पावणेतीन किलोंहून थोडे अधिक तांदूळ होतात, आणि ते शिजवायला लागणारे इंधन वेगळे.

यावर उपाय साधा होता, पण तो रुळायला दोन आठवडे लागले. कोण किती खातो याची कोरड्या धान्याच्या वजनात नोंद केली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वजन कच्च्या जिन्नसाचेच करावे, शिजवलेल्याचे नव्हे, कारण पाणी कमीजास्त झाले की शिजलेल्या अन्नाचे वजन बदलते आणि हिशेब फसतो. घरातील ज्येष्ठांना सुरुवातीला हा शुद्ध कंजूषपणा वाटला. पाहुण्यांसमोर काटा काढायचा नाही, अशी अट त्यांनी घातली आणि ती योग्यच होती. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या भांड्याचे साप्ताहिक वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आले आणि बहुतेक वेळा तेथेच स्थिरावले. ते शून्यावर आणण्याचा प्रयत्नही मी एकदा केला, पण त्यात जेवणाच्या टेबलावर जी कुरबुर सुरू झाली, ती पाहता तो सोडून दिलेला बरा.

तेलाच्या बाबतीत काट्याने दुसरी सोय करून दिली. तेल किती वापरले जाते, हे कोणत्याही घरात सहसा कोणालाच सांगता येत नाही, कारण ते बाटलीतून धारेने ओतले जाते. दर रविवारी बाटली काट्यावर ठेवून वजन लिहिले की मागच्या रविवारच्या आकड्याशी होणारा फरक म्हणजे आठवड्याचा खप. नुसती नोंद सुरू होताच धार आपोआप बारीक झाली, असा माझा अनुभव आहे. मात्र येथे काट्याचा एक दोष सांगणे भाग आहे. त्यावर मिलिलिटरचे बटण आहे आणि ते फसवे आहे, कारण ते प्रत्येक द्रव पाण्याइतकाच जड समजते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. सर्वसाधारण तापमानाला एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम भरते, त्यामुळे पूर्ण एक लिटर तेलालाही काटा ९१० मिलिलिटर म्हणतो आणि दुकानदाराने मापात मारल्याचा विनाकारण संशय येतो. हाच नियम ध्यानात ठेवला, तर लिटरमध्ये विकले जाणारे आणि ग्रॅममध्ये विकले जाणारे तेल यांची बरोबर तुलना करता येते.

पाकिटाचा आकार आणि किंमत तीच ठेवून आतील माल कमी करण्याची युक्ती ओळखायला काटा लागत नाही, चष्मा लागतो, कारण निव्वळ वजन पाकिटावर छापलेले असते. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशानुसार किलो किंवा लिटरमागची किंमत दाखवणे दुकानांना बंधनकारक केले, तेही ही तुलना ग्राहकाला चटकन करता यावी म्हणूनच. छापील वजन आणि पोटात जाणारे वजन यांत जेथे फरक असतो, तेथे काटा कामाला येतो. ४०० ग्रॅमच्या डब्यातील शिजवलेल्या कडधान्याचे पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम उरतात आणि कोरडे कडधान्य शिजल्यावर सव्वादोन ते अडीच पट होते, म्हणजे तो अख्खा डबा जेमतेम शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या बरोबरीचा ठरतो. चिरून विकल्या जाणाऱ्या भाज्यांचे उत्तर मात्र एकसारखे नाही. कोबीत टाकाऊ भाग इतका कमी निघतो की चिरलेला कोबी घेणे मला पूर्णपणे अनाठायी वाटते; फ्लॉवरसारख्या भाजीत पाने आणि दांडा बराच जातो, तेथे प्रत्येक वेळी हिशेब करून पाहावा लागतो.

सुटा माल घरी आणून फेरतपासणी करण्याचा मोह मलाही झाला. किरकोळ फरक दिसले, पण घरगुती काटा व्यापारी वजनकाट्याप्रमाणे अधिकृतपणे पडताळलेला नसतो, म्हणून त्याच्या भरवशावर दुकानात जाऊन वाद घालू नये.

तक्रारी आणखी आहेत. पसरट भांडे ठेवले की आकडे त्याच्याखाली झाकले जातात. दोन मिनिटे हात लावला नाही, तर काटा आपोआप बंद पडतो आणि वजा केलेले भांड्याचे वजन विसरतो. पीठ अर्धे घातलेले असताना असे झाले, की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मऊ कापडावर ठेवल्यास तो चुकतो. शिवाय मला मिळालेल्या पहिल्या काट्याचे बटण तिसऱ्याच आठवड्यात निकामी झाले आणि विक्रेत्याने मूळ खोक्याचा आग्रह धरून बदली देण्यास बरीच टाळाटाळ केली, तेव्हा खोके काही महिने तरी जपून ठेवावे.

भाव उतरेपर्यंत थांबावे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद करतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नधान्य किमतींचा निर्देशांक मार्च २०२२ मध्ये तोवरच्या उच्चांकावर पोहोचला आणि नंतर खाली आला. परंतु तो धान्य, खाद्यतेल, दुग्धजन्य पदार्थ, मांस आणि साखर यांच्या आंतरराष्ट्रीय बाजारातील किमती मोजतो; दुकानातील किमतीत वाहतूक, वेष्टन, मजुरी आणि भाडेही मिसळलेले असल्यामुळे ती त्याच प्रमाणात खाली येतेच असे नाही.

एकट्या राहणाऱ्या आणि बहुधा बाहेर जेवणाऱ्या माणसाला या काट्याची किंमत वसूल करायला बराच काळ लागेल. रोज दोन वेळा स्वयंपाक होणाऱ्या घरात मात्र तो घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. घेताना बटणसेलऐवजी साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, आकडे तबकापासून थोडे पुढे असलेला आणि निदान पाच मिनिटे तरी जागा राहणारा काटा निवडावा. हाताला पोत गुळगुळीत लागतो म्हणून काचेचे तबक मला आवडले होते. पुढच्या वेळी मी स्टीलचे घेईन, कारण ओल्या हाताने ठेवलेले भांडे काचेवरून दोनदा घसरले आहे.