पोटरी ताणायचा स्लँट बोर्ड, चार महिने वापरल्यावर

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, म्हणून हा उभं राहायचा तिरका लाकडी बोर्ड घेतला, खाचा बदलून याचा चढ कमी-जास्त करता येतो. पण घ्यायच्या आधी फिजिओकडे गेले ते फार बरं झालं, कारण मी टाचेला दोष देत बसले होते आणि खरी अडचण घोट्यात निघाली, पाऊल वरच्या बाजूला वळतच नव्हतं. चालताना नडगी पावलाच्या पुढे झुकते ना, त्याला साधारण 10 अंश तरी लागतात, तेवढे नसले की टाच वेळेआधीच उचलली जाते, नाहीतर गुडघा मागे ढकलला जातो किंवा पाऊल बाहेर वळून कमान खाली बसते, आणि ताण सगळा तळव्यावर नि चवड्यावर. माझ्या चपला चवड्याखालीच झिजायच्या, ते का हे तेव्हा कळलं.

त्यांनी आधी गुडघा सरळ ठेवून पंजा वर ढकलला, मग गुडघा वाकवून. सरळ असताना अडला आणि वाकवल्यावर सुटला, म्हणजे पोटरीचा वरचा मोठा स्नायू आखडलेला, कारण तो गुडघ्याच्या वरून निघतो. दोन्ही वेळा अडला असता तर पोटरीचा आतला स्नायू, म्हणजे सोलियस, टाचेमागची जाड शीर किंवा मग सांधाच. सांध्यात पुढे हाड वाढलेलं असेल तर घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं दुखतं, तसं होत असेल तर प्लीज या बोर्डवर उभे राहून जोर लावू नका, हाड ताणून लांब होत नाही आणि दुखणं मात्र वाढतं.

बोर्ड मजबूत आहे, वरचा खरखरीत कागद अजून निघालेला नाही, अनवाणी उभं राहिलं तरी पाय सरकत नाही. तक्रार एकच, सगळ्यात खालची खाच सुद्धा नवख्या माणसाला जास्त चढ देते, पहिले काही दिवस मी कंबरेतूनच वाकायचे आणि पोटरीला काही ताण बसायचाच नाही, मग भिंतीला हात टेकवून, बोटं सरळ पुढे, टाच पूर्ण टेकलेली आणि कमान खाली बसू न देता 30 सेकंद असं तीनदा, तेव्हा कुठे नीट जमलं. गुडघा थोडा वाकवूनही करते, सोलियससाठी.

सकाळचं पहिलं पाऊल आता दुखत नाही, उकिडवं बसल्यावर टाचा मात्र अजून बोटभर वरच राहतात. पाचपैकी चार, एक त्या खालच्या खाचेसाठी कापला.