सुडोशिवाय नेटबीएसडी बांधताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात बिल्डसाठी एकच सामायिक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर सुडो, म्हणजे रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार वापरायची मुभा, मागितली तर तो सांभाळणारे काका म्हणाले, "अगं, वीस जणांचं काम चालतं त्यावर. नाही देता येणार." त्यांचं बरोबरच होतं. पण मला रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणकासाठी नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज (कार्डावर उतरवायची तयार फाइल) हवी होती.

सोर्स होम डिरेक्टरीत उतरवला आणि बिल्ड डॉट एसएच या स्क्रिप्टला कॅपिटल यू चा, म्हणजे रूटच्या अधिकारांशिवाय बांधायचा, पर्याय दिला. ती आधी स्वतःचा कंपायलर बांधते, मग सिस्टिम. पहिल्या खेपेला रात्र गेली. संध्याकाळी टीमक्समध्ये (लॉगआउट झालं तरी काम चालू ठेवणारं साधन) सुरू करून डोंबिवलीची लोकल पकडायची, सकाळी येऊन बघायचं.

यातली खरी गंमत मेटालॉग नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. फाइलींची मालकी रूटला द्यायचा अधिकार आपल्याकडे नसतो, म्हणून इन्स्टॉल करताना ती द्यायचा प्रयत्नच होत नाही. ती कोणाची असायला हवी एवढं तिथे लिहून ठेवलं जातं. सर्व्हरवर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर सु या रूट व्हायच्या कमांडचा मालक मी, मोड (परवानग्यांचा आकडा) 555, सेटयूआयडी (प्रोग्रॅम फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) नाही. मेटालॉगमधल्या तिच्या ओळीत मात्र मालक रूट, गट व्हील, मोड 04555; यातला पहिला 4 म्हणजे सेटयूआयडी. पुढे मेकएफएस हे साधन हीच नोंद वाचून फाइल सिस्टिम थेट एका फाइलीत लिहितं. रूटचे अधिकार लागणारं माउंट (फाइल सिस्टिम जोडून घेणं) करावं लागत नाही. कार्ड पायमध्ये घातलं, लॉगिन केलं, सु चाललं. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

फेकरूट नावाचं दुसरं साधनही मी वापरलंय. प्रोग्रॅमला आपण रूट आहोत असं ते भासवतं, पण लायब्ररीच्या कॉलमध्ये मध्ये घुसून. लायब्ररी स्वतःतच सामावून घेतलेल्या स्टॅटिक बायनरीपुढे त्याचं काही चालत नाही. मेटालॉगची नोंदवहीची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

त्रास झाला तो दोनदा. एकदा स्वतःची एक फाइल डेस्टडिरमध्ये (बांधलेली सिस्टिम जिथे इन्स्टॉल होते ती डिरेक्टरी) हाताने टाकली, तर सेट (फाइलींचे गठ्ठे) बांधायच्या पायरीवर 'यादीत नसलेली फाइल' म्हणून बिल्ड थांबला. चूक पकडली गेली, हे चांगलंच. दुसरा प्रसंग महागात पडला. डिस्कवरच्या जागेचा माझा कोटा भरला म्हणून लॉग पुसायला बसले आणि नावात लॉग आहे म्हणून मेटालॉगही उडवला. अपडेटच्या बिल्डमध्ये न बदललेल्या फाइली पुन्हा इन्स्टॉल होत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंदही परत आली नाही. अख्खं डेस्टडिर काढून पहिल्यापासून बांधावं लागलं. तेव्हापासून बिल्ड संपला की मेटालॉगची प्रत बाजूला ठेवते, मगच जागा मोकळी करते.