'गंगाजल' की 'अपहरण': भरीत पार्टीच्या रात्री कोणता लावायचा?

थंडी पडली की अमळनेरच्या आसपासच्या मळ्यांत भरीत पार्ट्या सुरू होतात. आमच्या अभ्यासिकेतली पोरंही दरवर्षी करतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेली हिरवी मिरची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, आणि जेवणं आटोपली की पांढऱ्या चादरीवर सिनेमा. यंदा प्रोजेक्टरची जबाबदारी असलेल्या पोरानं विचारलं, "अप्पा, 'गंगाजल' अन् 'अपहरण' दोन्ही काढून ठेवलेत. रात्रीत एकच होईल. कोणता लावू?" त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इतर गावच्या अभ्यासिकांनाही उपयोग होईल.

दोन्ही प्रकाश झा यांचे, दोन्हींचा नायक अजय देवगण, दोन्ही बिहारच्या गुन्हेगारी आणि राजकारणाच्या साट्यालोट्यावरचे. 'गंगाजल' 2003 सालचा, 'अपहरण' 2005 च्या डिसेंबरातला. फरक आहे तो कॅमेरा कुठे उभा आहे यात. 'गंगाजल'मध्ये तो वर्दीच्या आत आहे. 'अपहरण'मध्ये वर्दी मिळावी म्हणून दाराबाहेर ताटकळणाऱ्या पोराजवळ.

'गंगाजल' चटकन पकड घेतो. नवा एसपी अमित कुमार तेजपूर जिल्ह्यात येतो आणि साधू यादव व त्याचा मुलगा सुंदर यादव यांच्या दहशतीशी त्याची गाठ पडते. साधू यादव आपल्या मोहन जोशींनी केलाय, आणि पडद्यावरचं तेजपूर उभं राहिलं ते वाईत, त्यामुळे आपल्याला ते फार लांबचं वाटतच नाही. गोष्टीच्या मुळाशी भागलपूरचं खरं प्रकरण आहे. 1979-80 मध्ये तिथे पोलिसांनी तीसहून जास्त कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतलं. त्याच ॲसिडला 'गंगाजल' म्हणायचे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी 'खत्री विरुद्ध बिहार राज्य' हा खटला वाचलेला असतो, तो याच प्रकरणातला. गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं त्यात ठणकावून सांगितलं.

आता माझी अडचण सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही 'गंगाजल' लावला होता. कोठडीतल्या गुन्हेगारांच्या डोळ्यांत ॲसिड ओततात तो प्रसंग आला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. शेजारी एक निवृत्त हवालदार दादा बसले होते. ते ताट बाजूला सारून उठले आणि शेकोटीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. सिनेमा पुढे त्याच टाळ्यांना जाब विचारतो, एसपी त्या प्रकाराच्या विरोधात उभा राहतो, समाज जसा तसे त्याला पोलिस मिळतात असं बजावतो. पण तोवर अर्धी पोरं मोबाईलमध्ये गेली होती. हा दोष सिनेमाचा नाही, तरी पन्नास जणांच्या गर्दीत त्याचं असं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी चार जणांत बसून पाहायचा असेल तर मात्र बेधडक 'गंगाजल' लावा. तो जास्त बांधीव आहे, आणि मुकेश तिवारींचा बच्चा यादव कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही.

'अपहरण'मधला अजय शास्त्री पोलिसात जायचं म्हणून झटणारा पोरगा. सरळ मार्गानं होत नाही म्हणून कर्ज काढून लाच द्यायला तयार होतो. ती नोकरी हुकते, कर्ज मानेवर राहतं, आणि ते फेडण्यासाठी तो मित्रांना घेऊन माणूस उचलायला निघतो. तिथून तुरुंग, तुरुंगातलं गया सिंगचं राज्य, आणि मग आमदार तबरेज आलम. अपहरणाचा धंदा कसा चालतो हे इथे दिसतं: उचलणारे वेगळे, सौदा करणारे वेगळे, पोलिसांतले वाटेकरी वेगळे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर विधानसभेतला हात. भारतीय दंड संहितेत खंडणीसाठीच्या अपहरणाचं वेगळं कलम, 364 अ, 1993 मध्ये आलं. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. आता ते भारतीय न्याय संहितेत 140(2) आहे. एवढं कडक कलम असताना धंदा कुणाच्या जिवावर चालतो, हे सिनेमा पाहताना आपोआप कळतं. ज्या बिहारची ही गोष्ट, तिथे सत्ताबदल झाला 24 नोव्हेंबर 2005 ला आणि आठच दिवसांनी, 2 डिसेंबरला, हा पडद्यावर आला. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

नाना पाटेकरांचा तबरेज ऐकलाच पाहिजे. तो अजयला धाक घालून ठेवत नाही, बापासारखा जवळ घेतो. आणि खरा बाप आहे मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये ज्यांचा नाना फडणवीस आपण डोक्यावर घेतला, ते इथे तत्त्वाला चिकटलेले प्राध्यापक आहेत. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या आमच्या अमळनेरात, 1936 च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसांनी असे बाप पाहिलेत. घरात मान असतो, पण पोराशी बोलणं नसतं. या सिनेमात माझा जीव अडकतो तो या बाप-लेकात.

दोष आहेत. टोळीत गेल्यानंतरचा भाग ताणलाय, गोळीबार जास्त झालाय, आणि बिपाशा बसूच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. ('गंगाजल'मध्ये ग्रेसी सिंगचीही तीच गत.) लांबीही 'गंगाजल'पेक्षा जास्त, जवळजवळ तीन तास.

तरी आमच्या पोरांसाठी मी 'अपहरण'च म्हणेन. ही पोरं पहाटे पाचला सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, मग दिवसभर अभ्यासिकेत बसतात. मागच्या भरतीच्या वेळी यांच्यातल्याच एकाचा बाप दोन एकर रान गहाण टाकायला निघाला होता, "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्या कुणा माणसाच्या भरवशावर. पोरानं आम्हाला सांगितलं म्हणून अडवता आलं. त्या पोरानं अजय शास्त्रीला पाहावं असं मला मनापासून वाटतं, आणि शक्य झालं तर बापालाही सोबत आणावं.

म्हणून प्रोजेक्टरवाल्या, ऐक भो. वांगी सहालाच जाळावर टाका, साडेसातला पंगत, साडेआठला 'अपहरण' सुरू. बारक्या पोरांना आधीच घरी पोचवा, मारझोड बरीच आहे. 'गंगाजल' संक्रांतीनंतर अभ्यासिकेतच लावू, वीस-पंचवीस जणांत. त्या दिवशी हवालदार दादांना बोलवायला मी स्वतः जाईन. ॲसिडचा प्रसंग झाला की सिनेमा थांबवायचा आणि आधी त्यांना बोलू द्यायचं.